रंगकाम काढलंय, पण बाथरूमच्या भिंतीवरची बुरशी आधी कशी घालवायची?

ओलीचिंब
नमस्कार मंडळी. घरात रंगकाम काढलंय. बाकी खोल्यांचं काही नाही, घोडं अडलंय ते बाथरूमपाशी. आंघोळीच्या बाजूला टाइल्स आहेत, उरलेल्या भिंतींना आणि छताला रंग आहे. दोन जागी बुरशी आहे. पहिली जागा म्हणजे बाहेरच्या भिंतीला लागून असलेला छताचा कोपरा. आधी बारीक काळे ठिपके होते, आता एकमेकांत मिसळून तळहाताएवढा डाग झालाय. दुसरी जागा टाइल्स संपतात तिथे, अगदी खाली, फरशीपासून वीतभर उंचीवर. तिथे रंगाला फुगे आलेत, पोपडे सुटतायत, त्यात काळपट-हिरवट काहीतरी आणि कडेने पांढरं.

मागच्या खेपेला रंगाऱ्याने "बुरशीचा स्पेशल रंग आहे ताई, काही बघायला नको" म्हणत फडक्याने पुसून वरून दोन हात मारले. वर्ष उलटायच्या आत सगळं पुन्हा हजर. या वेळी तसं नकोय. कशाने धुऊ, किती वाळवू, प्रायमर कुठला घेऊ? जमण्यासारखं असेल ते स्वतः करायची तयारी आहे.

उंटावरचा_शहाणा
ब्लीच मारा, दुसऱ्या दिवशी रंग द्या, मोकळे व्हा. एवढा धागा काढण्यासारखं काय आहे त्यात?

रंगपेटी
ओलीचिंब, सापडला बघ तुझा रंगारी.
(उंटावरचा_शहाणा उर्फ उंशा, दिवा घे, म्हणजे गमतीत घे.)

गवंडीकाका
ओलीचिंब, तुमच्या वर्णनावरून ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. दोन्हीकडे बुरशी दिसते म्हणून दोन्हीकडे एकच उपाय करायला जाल तर एक जागा सुधारेल आणि दुसरी पुन्हा छळेल.

वरचा कोपरा बहुधा हवेतल्या वाफेचा. बाहेरची भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तो कोपरा घरातल्या बाकी भिंतींपेक्षा गार असतो, शिवाय तिथे हवा फिरत नाही. गरम पाण्याची वाफ वर जाते आणि गार पृष्ठभागावर दव धरते. थेंब दिसायलाच हवेत असंही नाही. भिंतीला चिकटून असलेल्या हवेच्या थराची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशीचं भागतं. खायला रंगातले सेंद्रिय घटक, साबणाचा थर, धूळ, काहीही चालतं.

खालची जागा मात्र भिंतीच्या आतून ओली असावी. रंगाला फुगे येणं, पोपडे सुटणं आणि कडेला पांढरं धरणं, ही तिन्ही लक्षणं एका जागी दिसली की पाणी गिलाव्यातून बाहेर येतंय असं समजा. ते पांढरं बहुतेक बुरशी नसून क्षार असतील. विटा आणि सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागापर्यंत येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. थोडं पाणी शिंपडून बघा. क्षार असतील तर विरघळून दिसेनासे होतील आणि वाळल्यावर परत उमटतील. चिमटीत चोळले तर खरखरीत लागतात. बुरशी मऊ असते, बोटाला काजळीसारखी माखते.

हात लावण्याआधी एक साधी चाचणी करा. दोन्ही जागांच्या शेजारी, जिथे रंग धड आहे तिथे, साधारण फूटभर चौकोनी प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी टेप लावून घट्ट चिकटवा. चिकटवण्याआधी तेवढा भाग हेअर ड्रायरने कोरडा करून घ्या, नाहीतर वरवरचा ओलावाच आत कोंडला जाईल आणि निकाल चुकेल. 24 ते 48 तासांनी पाहा. तुमच्याकडच्या बाजूला ओल दिसली तर ती खोलीतल्या हवेची. फॉइल सोडवल्यावर भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय.

हे कळेपर्यंत रंगाचा डबा आणूच नका.

परीक्षानळी
काकांना अनुमोदन. बुरशी की नुसता मळ हे कळायला आणखी एक झटपट युक्ती: डागावर पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब. मिनिट-दोन मिनिटांत फिका पडला तर बहुधा बुरशी, तसाच राहिला तर मळ किंवा काजळी.

आता ब्लीचबद्दल, कारण उंशा यांच्या प्रतिसादाला वर "+१" पडायच्या आत हे लिहिणं गरजेचं आहे. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाण्यातलं द्रावण. टाइल, काच, चिनी मातीचं बेसिन यांवर ते उत्तम काम करतं. गिलावा, पुट्टी, खडूसारखा सुटणारा डिस्टेंपर यांवर मात्र हायपोक्लोराइट वरच्या थरातच खर्ची पडतं आणि आत मुरतं ते पाणी. डाग पांढरा होतो, आपण खूश होतो, आतले बुरशीचे तंतू मात्र शाबूत राहतात. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए बुरशीच्या साफसफाईसाठी ब्लीचची सरसकट शिफारस करत नाही. तिथलीच आरोग्य संस्था सीडीसी ते वापरू देते, पण एक गॅलन पाण्यात जास्तीत जास्त एक कप, म्हणजे 3.8 लिटरला साधारण 240 मिलि. याहून कडक केल्याने बुरशी जास्त मरत नाही, आपला घसा मात्र जळतो.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: ब्लीच कशातही मिसळायचं नाही. टॉयलेट साफ करायच्या ॲसिडबरोबर क्लोरीन वायू सुटतो, व्हिनेगरबरोबरही. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर क्लोरामाइन्स हे विषारी वायू तयार होतात. बाथरूम म्हणजे दार लावलेली छोटी खोली. आधी व्हिनेगर मारून पाहिलं, जमलं नाही म्हणून लगेच वरून ब्लीच, हा प्रकार लोक सर्रास करतात. मध्ये भरपूर पाण्याने धुऊन, वाळवून, शक्यतो दुसऱ्या दिवशीच दुसरं औषध.

उंटावरचा_शहाणा
आमच्याकडे कित्येक वर्षं ब्लीचच मारतात. काही होत नाही.

परीक्षानळी
"कित्येक वर्षं मारतात" यातच उत्तर आलं की हो! एकदा मारून थांबता आलं असतं तर मानलं असतं.

वाचनमात्र
बरेच दिवस रोमात (म्हणजे नुसती वाचत) होते, या धाग्यासाठी बाहेर आले. आमच्याकडे लेकाला दमा आहे म्हणून विचारते. काळी बुरशी म्हणजे ती विषारीच ना? तपासणी करून प्रकार कळला तर त्याप्रमाणे औषध वापरता येईल का?

परीक्षानळी
वाचनमात्र, रंगावरून प्रकार कळत नाही. काळी म्हटलं की लोकांना स्टॅकिबॉट्रिस, ती 'विषारी' म्हणून गाजलेली बुरशी, आठवते, पण बाथरूममध्ये सर्रास सापडणाऱ्या क्लॅडोस्पोरियम आणि ऑरिओबेसिडियमही काळपटच दिसतात. घरगुती कामासाठी प्रकार कळून फारसा फरक पडत नाही, करायचं तेच असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतही "इतके कण चालतील" अशी मर्यादा ठरवलेली नाही. ओल होऊ देऊ नका आणि झाली तर दूर करा, एवढंच सांगितलंय.

दम्यासाठी महत्त्वाचं म्हणजे मेलेल्या बुरशीचीही ॲलर्जी होते. त्यामुळे नुसती मारून भागत नाही, ती भिंतीवरून काढायला लागते. वरून रंग देऊन झाकणं तर बादच. साफसफाईच्या दिवशी लेकाला घरात न ठेवलेलं बरं.

गवंडीकाका
आणि कोरडी खरवडायची नाही! कोरड्या ब्रशने घासलं की बीजाणू घरभर. आधी फवारून ओली करायची, मग पुसायची.

ओलीचिंब
किती छान माहिती! दोन्हीकडे फॉइल लावलंय. निकाल लागेपर्यंत हवेबद्दल विचारून ठेवते: एक्झॉस्ट फॅन आहे, चालतोही, आवाज तर बक्कळ करतो. मग वाफ का राहते?

हवेशीर
आला, माझा विषय आला.

आवाज आणि हवा यांचा काही संबंध नाही. दार लावा, फॅन चालू करा आणि टिश्यू पेपरचा तुकडा जाळीशी धरा. चिकटून राहिला तर फॅन ओढतोय. फडफडून खाली पडला तर तो फक्त वीज खातोय. मग दार अर्धं उघडून पुन्हा धरा. आता चिकटला तर दोष फॅनचा नाही, आत यायला हवेला वाट नाहीये. बाहेर टाकलेल्या हवेच्या जागी नवी हवा यायला हवी. दाराखाली एक-दीड सेंटीमीटर फट नसेल, किंवा दाराला रबर लावून ती बंद केली असेल, तर कितीही भारी फॅन लावा.

क्षमतेचा हिशोब: बाथरूमची हवा तासाला साधारण 8 वेळा बदलावी असा ढोबळ नियम आहे. समजा 2.4 बाय 1.5 मीटर आणि उंची 2.7. झालं 9.7 घनमीटर. गुणिले 8 म्हणजे तासाला 78 घनमीटर, फॅनच्या खोक्यावरच्या भाषेत 46 सीएफएम (मिनिटाला घनफूट). बहुतेक फॅनच्या खोक्यावरचा आकडा याहून मोठाच असतो, पण तो आकडा पाइप न जोडता मोजलेला. पुढे लांब वाकडातिकडा पाइप, दोन बेंड, बाहेरच्या टोकाला धुळीने बुजलेली झडप, असं सगळं जोडलं की त्यातलं किती उरतं ते टिश्यूच सांगेल.

पाइप बाहेर जातो की फॉल्स सीलिंगच्या वर सोडून दिलाय, तेही शिडी लावून बघा. मी असे कारभार पाहिलेत. सगळी वाफ गुपचूप छतावर जमते आणि माणसं खालच्या रंगाला दोष देतात.

फॅन आंघोळ सुरू करताना लावायचा आणि संपल्यावर 15-20 मिनिटं चालू ठेवायचा. माणूस बाहेर आला की बटण बंद करायची सवय असते, आणि नेमकी तेव्हाच भिंती, फरशी, ओला पंचा यांतून सगळ्यात जास्त वाफ निघत असते. टायमरचं बटण मिळतं, ते बसवा. एक छोटं आर्द्रता मापकही आणा. आंघोळीनंतर तासाभरात आकडा 60 टक्क्यांच्या आसपास उतरत नसेल तर हवा कमी पडतेय.

(थोडं गणित: हवा 25 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर दव साधारण 21 अंशांना धरतं. म्हणजे भिंत हवेपेक्षा फक्त चार अंशांनी गार असली तरी ती ओली होते. आंघोळीनंतर एवढीही गरज नसते.)

रंगपेटी
हवेशीर यांच्यापुढे टिश्यू धरायला हवा.

भाडेकरी
धाग्यात घुसतोय, माफ करा. आमच्या बाथरूमला जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग आहे आणि त्याच्यावर वरच्या बाजूने बुरशी आहे. धुता येईल का?

गवंडीकाका
नाही. जिप्सम बोर्डाला दोन्हीकडून कागद असतो आणि बुरशीला कागद प्रिय. तंतू कागदात शिरले की ते धुऊन निघत नाहीत. तेवढा तुकडा कापून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकायचा आणि ओलावारोधक बोर्ड लावायचा. पण तुम्ही भाड्याने राहता ना? मग फोटो काढून आधी घरमालकांना लेखी कळवा.

ओलीचिंब
निकाल! वरच्या कोपऱ्यात फॉइलवर बाहेरून ओल, मागे भिंत कोरडी. खाली बरोबर उलटं. सोडवलं तर मागून थेंब ओघळले. काका, साष्टांग नमस्कार.

टिश्यू दार लावल्यावर पडला, दार उघडल्यावर चिकटला. म्हणजे फट. आणि खालच्या जागी पांढरं होतं ते पाण्याने गेलं, वाळल्यावर परत आलं.

आता खालचं पाणी कुठून येतंय ते कसं शोधू? टाइल्स फोडायला लागणार का?

गवंडीकाका
फोडाफोडी सगळ्यात शेवटी. आधी पाइप की सांधे एवढं ठरवा.

घरातले सगळे नळ बंद करा, टाकी भरणं वगैरे काही चालू नको, आणि पाण्याच्या मीटरकडे बघा. काटा हलत असेल तर दाबाखालचा पाइप कुठेतरी गळतोय. मग प्लंबर बोलवायचा, दुसरा इलाज नाही. गरम पाण्याची लाइन वेगळी तपासायला सांगा. गिझरनंतरच्या सांध्यांत गळती असते आणि मीटरवर ती थेंबाथेंबाने लगेच कळत नाही.

काटा स्थिर असेल तर आठवडाभर तो शॉवर वापरू नका. भिंत वाळायला लागली तर पाणी फक्त आंघोळीच्या वेळी येतंय, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांतून किंवा फरशी आणि भिंत मिळतात त्या जोडातून. तुमची जागा टाइल्स संपतात तिथेच आणि खाली आहे, त्यामुळे माझा पहिला संशय त्या जोडावर. बसून बॅटरी तिरकी मारून बघा. सिलिकॉन एका कडेने सुटलेलं असेल, किंवा टाइल्समधलं ग्राउट (सांध्यांत भरलेला सिमेंटसारखा मसाला) बारीक चिरलेलं असेल. केसाएवढी चीर पुरते. टाइलच्या मागे गेलेलं पाणी तिथेच बसत नाही, गिलाव्यातून आडवं सरकतं आणि जिथे टाइलचं झाकण संपतं तिथे रंगातून डोकं वर काढतं.

शॉवरच्या दांड्याभोवतीची, नळाच्या चकतीमागची जागाही विसरू नका. चकती पुढे ओढली की मागे बोट जाईल एवढं उघडं भोक सापडतं.

रंगपेटी
काळं पडलेलं सिलिकॉन घासून पांढरं करायच्या नादाला लागू नकोस. बुरशी आत शिरलेली असते. ब्लेडने दोन्ही कडांनी कापून सगळं ओढून काढ, खाच नीट स्वच्छ करून पूर्ण वाळू दे आणि बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भर. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकाच दमात गुळगुळीत करायचं. 24 तास पाणी लावायचं नाही. जुन्याच्या वरून नवं भरलेलं टिकत नाही. आणि सिलिकॉन नेहमी रंगकामाच्या शेवटी, कारण त्यावर रंग धरत नाही. पण तुझ्याकडे गळतीच तिथून असेल तर आता भर, रंगाच्या वेळी कडेला टेप लाव.

ओलीचिंब
मीटरचा काटा ढिम्म. शॉवर बंद ठेवल्यावर भिंत वाळू लागली. आणि जोडातलं सिलिकॉन एका टोकाला धरून ओढलं तर अख्खी पट्टी हातात आली! खाली काळंभोर आणि कुबट वास. नवं भरून झालंय, दोन सांध्यांतलं ग्राउटही कोरून बदललं. दाराखालची फट सुताराकडून वाढवून घेतली.

आता भिंतीचं सांगा. कामाला कुठून सुरुवात करू?

रंगपेटी
मी माझ्या पद्धतीने सांगते, बाकीचे भर घालतीलच.

हातमोजे, चष्मा, एन-95 मास्क. खिडकी उघडी, घराकडचं दार बंद, दाराखाली जुना टॉवेल. डाग साधारण 10 चौरस फुटांहून मोठा असेल तर स्वतः करू नये असं ईपीए सांगते. तुझं त्याच्या आसपासही नाही.

वरचा कोपरा: साबणाच्या कोमट पाण्याने धू. बुरशीवर साबण आणि तेलकट थर बसलेला असतो, त्यावर औषध मारलं तर ते त्या थरावरच वाया जातं. स्पंज सारखा पिळायचा, पाणी बदलायचं, आणि काम झाल्यावर स्पंज पिशवीत बांधून फेकायचा. मग बुरशीनाशक वॉश. रंगाच्या दुकानात मिळतो, बहुतेकांत बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं. डागाच्या पलीकडेही हातभर मार, कारण जिथे दिसत नाही तिथेही तंतू पोचलेले असतात. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ राहू दे. घाई करून लगेच पुसू नकोस. काही वॉश धुवायचे असतात, काही तसेच ठेवायचे असतात, तेही डब्यावरच बघ.

खाली मात्र रंग वाचवायचा प्रयत्न सोड. पत्रीने सगळे पोपडे काढ, आणि थेट घट्ट रंग लागेपर्यंत काढ. फवारून ओलं ठेवत खरवडायचं. घर जुनं असेल तर खालच्या थरांत शिसं असू शकतं, तिथे कोरडा पॉलिश पेपर अजिबात मारू नकोस. पुट्टी भुसभुशीत झाली असेल तर तीही जाऊ दे. टकटक करून बघ, पोकळ आवाज आला तर गिलावाही सुटलाय.

परीक्षानळी
वॉश नको असेल तर 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चांगलं. वास नाही, आणि उरतं ते पाणी आणि ऑक्सिजन. टाकणखारही चालतो, पण रंग द्यायच्या भिंतीवर त्याचे खडे राहता कामा नयेत, नीट पुसून घ्या. व्हिनेगर काही बुरशींवर चालतं, काहींवर नाही, आणि सिमेंटच्या उघड्या गिलाव्यावर आम्ल ओतावं असं मला वाटत नाही.

गवंडीकाका
क्षार आधी कोरड्या ब्रशने झाडून, ओल्या फडक्याने टिपून घ्या. हा एकच कोरडा ब्रश मान्य, तोही बुरशी धुतल्यावर, मास्क लावूनच. पाणी ओतून धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातील.

आणि मग थांबायचं. इथेच माणसाचा धीर सुटतो. वरून हात लावला तर कोरडी वाटणारी भिंत आतून ओली असते. तिला आठवडे लागू शकतात, जाड भिंत असेल तर महिनेही. ओलावा मापक मिळाला तर घरातल्या दुसऱ्या, खात्रीच्या कोरड्या भिंतीवर आधी आकडा घ्या आणि त्याच्याशी ताडून बघा, कारण त्या यंत्राचा सुटा आकडा गिलाव्यावर फारसा भरवशाचा नसतो. क्षारांनीही तो फुगतो. मापक नसेल तर पुन्हा तीच फॉइलची चाचणी. नवीन सिमेंटचा गिलावा केला असेल तर रंगाआधी 28 दिवस धरून चाला.

उंटावरचा_शहाणा
महिनाभर उघड्या भिंतीचं बाथरूम? घरचे मला बाहेर काढतील.

गवंडीकाका
बाकीचं घर रंगवून घ्या तोवर. रंगाऱ्यालाही काम, घरच्यांनाही समाधान.

ओलीचिंब
फॉइल अखेर दोन्ही बाजूंनी कोरडं! रंगाऱ्याशी बोलले. तो म्हणतो खाली पीओपीने गुळगुळीत करतो आणि वरून ऑइल पेंट मारतो, "पाणी घुसणारच नाही". बरोबर आहे का?

रंगपेटी
दोन्ही नको!

पीओपी म्हणजे जिप्सम. ओलीला मऊ पडतं, पाण्यात थोडंफार विरघळतंही. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी घे, पातळ थरात.

ऑइल पेंटचं म्हणशील तर त्याचा थर वाफ जवळजवळ अडवतो. भिंतीत थोडी जरी ओल उरली असेल तरी तिला बाहेर पडायला वाट नाही, मग फुगे. शिवाय त्यातलं तेल हे बुरशीचं खाद्य आहे, लोकांना हे सांगितलं की पटत नाही. बाथरूमसाठी बनवलेलं ॲक्रिलिक इमल्शन, सॅटिन किंवा किंचित चमक असलेलं. अगदी मॅट नको, त्यावर साबण-वाफ धरते आणि घासलं की चट्टे पडतात.

हवेशीर
मॅटबद्दल असहमत. छताला चांगलं धुता येण्याजोगं मॅट चालतं. चमकदार छतावर प्रत्येक थेंब ओघळतो आणि प्रत्येक खोलगटपणा दिसतो.

रंगपेटी
छत तुझं, भिंती माझ्या. :)

बुरशीरोधक रंगात बुरशीनाशक घातलेलं असतं. ते पृष्ठभागावर हळूहळू येत राहतं आणि धुण्या-पुसण्यात संपत जातं. म्हणजे ते कायमचं नाही, आणि आधीच्या बुरशीवर थापलं तर त्याच्या हातात काही उरत नाही. तुझ्या मागच्या रंगाऱ्याने नेमकं तेच केलं होतं.

पुट्टी वाळल्यावर पॉलिश पेपर, ओल्या फडक्याने धूळ पुसणं, मग खाली क्षाररोधक प्रायमर. वर कोपऱ्यात करडा ओघळ उरला असेल तर तेवढ्यापुरता डाग अडवणारा प्रायमर, सॉल्व्हंटचा असला तर उत्तम. नुसत्या इमल्शनमधून तसले डाग पुन्हा वर येतात आणि आपण "परत बुरशी आली" म्हणून घाबरतो. मग रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात म्हणजे दोन पातळ हात नव्हेत, हे रंगाऱ्याला तिथे उभं राहून सांग.

वाचनमात्र
रंग दिल्यावर आंघोळ कधी करायची?

रंगपेटी
निदान 24 तास नाही, 48 थांबलात तर बरं. हाताला वाळला म्हणजे झाला असं नाही, इमल्शन पूर्ण पक्कं व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर भिंत घासायची नाही.

ओलीचिंब
धागा वर काढतेय. रंग होऊन काही दिवस झाले, दोन्ही जागा स्वच्छ आहेत. पण कालपासून नवीन रंगावर शॉवरच्या बाजूला तपकिरी-पिवळट चिकट ओघळ दिसतायत. वरून खाली, थेंबांच्या रेषा. परत सुरू झालं का सगळं? घरचे म्हणतायत रंगाऱ्याला बोलव.

परीक्षानळी
घाबरू नका. ओघळ हाताला चिकट, साबणासारखा लागतो का? वास नाही ना?

ओलीचिंब
चिकट आहे. वास अजिबात नाही.

परीक्षानळी
मग ती बुरशी नाही. इमल्शनमध्ये रंगकण पाण्यात मिसळून राहावेत म्हणून साबणासारखी द्रव्यं घातलेली असतात. थर पक्का व्हायच्या आधी त्यावर वाफ धरली की ती पृष्ठभागावर येतात आणि थेंबांबरोबर ओघळतात. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ स्पंजने हलकेच पुसून घ्या, घासू नका. पुन्हा आले तर पुन्हा पुसा, दोन-चार वेळांत थांबतात. वरून आणखी एक हात द्यायला रंगारी तयार होईल, तो देऊ देऊ नका.

आणि तोवर फॅन जरा जास्त वेळ चालू राहू दे.

ओलीचिंब
पुसलं, गेलं! हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट). फॅनला टायमर बसवायला वायरमन आलाय, जाते.

उंटावरचा_शहाणा
त्या फॉइलला टेप कुठली लावली होती? नाही, सहज विचारतोय.